कल्याण : उल्हासकाठचे प्राचीन नगर आणि आपला ठाणे जिल्हा

वर्तकनगरातून पश्चिमेकडे नजर टाकली, की येऊरचे डोंगर दिसतात. पावसाळ्यात ते हिरवेगार होतात, उन्हाळ्यात करडे पडतात. आम्ही इतकी वर्षे हे डोंगर पाहत आलो. परंतु याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत आणि त्या लेण्यांतल्या शिलालेखांत आपल्या कल्याणच्या माणसांची नावे कोरलेली आहेत, ही गोष्ट आम्हाला वयाची चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती. हे कबूल करताना आम्हाला संकोच वाटतो, परंतु लपवून उपयोग नाही. कारण आमच्यासारखे पुष्कळजण आहेत.

काही वर्षांपूर्वी आम्ही कुटुंबासह बुद्धगयेच्या यात्रेला निघालो. गाडी कल्याण स्थानकात थांबली. आम्ही खाली उतरून चहा घेतला, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि पुन्हा गाडीत बसलो. बौद्ध इतिहास पाहायचा तर बिहारात जावे लागते, अशी आमची ठाम समजूत होती. ज्या फलाटावर उभे राहून आम्ही चहा पीत होतो, त्या गावाचे नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध दानलेखांत पुन्हा पुन्हा येते, याची गंधवार्ताही आम्हाला नव्हती. ती चूक सुधारावी आणि निदान आपल्या विद्यार्थ्यांकडून ती होऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

नदी आणि भूगोल

प्रथम भूगोल पाहू. उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याजवळ, राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीत उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा प्रवास करीत ती कल्याणला येते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आहे. बारवी ही तिची उपनदी. शहापूर तालुक्यातून येणारी भातसा नदी काळू नदीला मिळते आणि टिटवाळ्यावरून वाहणारी काळू पुढे कल्याणजवळ उल्हासला मिळते. अंबरनाथ, उल्हासनगरातून येणारी वालधुनीही येथेच उल्हासला मिळते. कल्याणच्या पुढे नदीची खाडी होते. ठाण्याच्या उत्तरेस पाण्याचे दोन फाटे फुटतात. एक घोडबंदरच्या बाजूने वसईकडे जाऊन अरबी समुद्राला मिळतो, दुसरा दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीत उतरतो. या दोन फाट्यांनी वेढलेला जो प्रदेश, तेच साष्टी बेट. ठाणे शहर या बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात वसलेले आहे.

आता विद्यार्थ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. समुद्र इतका दूर असताना कल्याण हे बंदर कसे झाले? याचे उत्तर भरती-ओहोटीत आहे. समुद्राची भरती खाडीतून थेट कल्याणपर्यंत येते. जुन्या काळची लहान गलबते भरतीच्या पाण्यावर आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर पडत. उघड्या किनाऱ्यावर पावसाळी वादळाचा जो मारा बसतो, तो येथे बसत नाही. शिवाय चाच्यांना इतक्या आत येऊन लूट करणे सोपे नाही.

दुसरे कारण घाटांचे. देशावरून कोकणात उतरणाऱ्या तीन मोठ्या वाटा कल्याणकडे येतात. ईशान्येला नाशिककडून येणारा थळघाट, पूर्वेला जुन्नरकडून येणारा नाणेघाट आणि आग्नेयेला पुण्याकडून येणारा बोरघाट. बैलांच्या पाठीवरून आलेला माल जेथे गलबतात चढतो, तेथे शहर वाढते. पुढे इंग्रजांनी रेल्वे आणली तेव्हा त्यांनाही हाच भूगोल मानावा लागला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली आणि १८५४ च्या मे महिन्यात रूळ कल्याणला पोहोचले. तेथून एक फाटा कसाऱ्याकडे म्हणजे थळघाटाकडे, दुसरा कर्जतकडे म्हणजे बोरघाटाकडे गेला. आज आपण 'कसारा लोकल' आणि 'कर्जत लोकल' म्हणतो, त्या वस्तुतः प्राचीन व्यापारी वाटांवरूनच धावतात. नाणेघाटाला मात्र रेल्वे मिळाली नाही. मुरबाडवरून जाणारा रस्ता आता शेजारच्या माळशेज घाटाने वर चढतो.

ग्रीक खलाशाची नोंद

इ. स. च्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे एक पुस्तक आहे. तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती त्यात व्यापाऱ्यांसाठी दिलेली आहे. त्यात सोपाऱ्यानंतर 'कल्लिएना' या बंदराचे नाव येते. थोरल्या सारागनसच्या काळात हे कायदेशीर व्यापारी बंदर होते, परंतु पुढे सँडनीस याच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापाराला अडथळा झाला आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे लेखक सांगतो. सारागनस म्हणजे सातवाहन वंशातील सातकर्णी, असे अभ्यासक मानतात. थोडक्यात, कल्याण बंदर सातवाहनांचे आणि भडोच त्यांच्या प्रतिस्पर्धी क्षत्रपांचे. दोन राजवटींच्या झगड्यात बंदराचा व्यापार कसा आवळला जातो, याची ही दोन हजार वर्षांपूर्वीची साक्ष आहे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला आणि कोकण पुन्हा सातवाहनांकडे आले. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस हा व्यापारी-प्रवासीही पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या बंदरांत 'कल्लियाना'चे नाव घेतो. म्हणजे किमान पाचशे वर्षे या बंदराची कीर्ती टिकून होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. इतिहासाच्या पुस्तकात 'कल्याणीचे चालुक्य' असा उल्लेख येतो. ते कल्याण आपले नव्हे. ते कर्नाटकात बिदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण होय. परीक्षेत हा घोटाळा पुष्कळ विद्यार्थी करतात.

सोनार, लोहार आणि हेरणिकाचा मुलगा

आता आमच्या मुख्य विषयाकडे येऊ. गेल्या काही वर्षांत आम्ही वस्तीतील विद्यार्थ्यांना घेऊन कान्हेरीला जात असतो. शंभराहून अधिक लेणी एका डोंगरात पाहून मुले थक्क होतात. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील मोठा चैत्य यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, व्यापारी बंधूंच्या दानातून उभा राहिला. मुले मूर्तींपाशी थांबतात, छायाचित्रे काढतात. लेखाकडे कोणी पाहत नाही. कारण लेख ब्राह्मी लिपीत आहे, भाषा प्राकृत आहे. परंतु खरा खजिना तेथेच आहे.

कान्हेरीच्या लेखांत सोपारा, कल्याण, चेमूल म्हणजे चौल, नाशिक अशा गावांच्या दात्यांची नावे आहेत. कल्याणचा स्वामिदत्त नावाचा सोनार तेथे पाण्याची पोढी, म्हणजे टाके, खोदवून देतो. कल्याणचाच नंद नावाचा लोहार वाट करून देतो. शिवाय कल्याण येथील अंबालिका विहाराचा उल्लेखही कान्हेरीच्या लेखात आढळतो. म्हणजे कल्याणचे लोक डोंगरातल्या विहाराला दान देत होते, एवढेच नव्हे, तर खुद्द कल्याण शहरातही विहार नांदत होता.

एका सहलीत आम्ही हे सांगत असता एक मुलगा मध्येच म्हणाला, "काका, लोहाराचं नाव लेण्यात कोण कोरतं?" त्याचे वडील वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथ चालवीत असत. आम्ही त्याला म्हटले, "बाळा, तेव्हा कोरलं होतं. नुसतं नाव नाही, गाव आणि धंदाही कोरला होता." तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर पायऱ्या उतरताना त्याने विचारले, "यातली लोहाराची वाट कोणती?" आम्हाला ती बोट दाखवून सांगता आली नाही. परंतु त्या दिवसापासून आमच्या मनात कान्हेरीची प्रत्येक पायरी त्या लोहाराची आहे.

राजाने दिलेले दान इतिहासात राहते, यात नवल नाही. परंतु हाताला काजळी लागलेल्या कामगाराने भिक्षूंना चालायला वाट करून द्यावी आणि ती नोंद दगडात राहावी, ही गोष्ट आपल्यासारख्या श्रमिकांच्या वस्तीला फार मोलाची आहे. संघाच्या दृष्टीने दान देणाऱ्याचा धंदा लपवण्याची बाब नव्हती, हे या लेखांवरून स्पष्ट होते.

कल्याणच्या माणसाचे दान नाणेघाट चढूनही वर गेले आहे. जुन्नरजवळ लेण्याद्री येथे डोंगरात सलग लेणी आहेत. सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपतीचे स्थान असल्यामुळे तेथे भाविकांची वर्दळ असते. अगदी शेजारचे सहावे लेणे म्हणजे बौद्ध चैत्यगृह आहे. त्यावरील लेखानुसार ते कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. 'हेरणिक' हा शब्द 'हिरण्य' म्हणजे सोने यावरून आलेला. सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा, असा त्याचा अर्थ. आम्ही बँकेत कारकून. दिवसभर रोकड मोजणे हा आमचाही उद्योग. त्यामुळे हा हेरणिक आम्हाला आमच्या खात्यातला जुना माणूस वाटतो!

या वाटेवरचा नाणेघाट मुरबाड तालुक्यातून चढता येतो. तेथील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. हा लेख बौद्ध नाही. त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची मोठी यादी आहे. परंतु त्यातील अंकचिन्हे भारतातील अतिशय जुन्या अंकांपैकी असल्यामुळे गणिताच्या विद्यार्थ्यांनीही तो पाहावा. राजघराणे यज्ञ करीत होते आणि त्याच राज्यातील व्यापारी व कारागीर संघाला दान देत होते, हे चित्र दोन्ही लेख एकत्र वाचले म्हणजे पूर्ण होते.

अक्षयनीवी : दोन हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेव

दान दिले, पुढे काय? भिक्षूंना दरवर्षी चीवर लागणार. दाता मरून गेल्यावर ते कोण देणार? यावर त्या काळी 'अक्षयनीवी' हा उपाय होता. मुद्दल कायम ठेवायचे, फक्त व्याज खर्च करायचे. कान्हेरीच्या अनेक लेखांत अक्षयनीवीचा उल्लेख आहे. सर्वांत स्पष्ट हिशेब मात्र नाशिकच्या पांडवलेण्यात मिळतो.

नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण संघासाठी ठेवले. पैकी २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने आणि १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. आता हिशेब करू. २००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. लेखात म्हटले आहे की, वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. २० गुणिले १२ बरोबर २४०. हिशेब एका पैशानेही चुकत नाही! १००० वर पाऊण टक्क्याने महिन्याला साडेसात, वर्षाला ९०, तेही दुसऱ्या खर्चासाठी नेमून दिलेले आहेत. मुद्दल परत द्यायचे नाही, व्याजच वापरायचे, असे लेखात स्पष्ट नमूद आहे. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून फलकावर नोंदवला गेला, असेही लेख सांगतो. म्हणजे ठराव, वाचन आणि नोंदणी, तिन्ही झाले.

आपल्या मंडळाच्या शिक्षण निधीची सभा असते, तेव्हा आम्ही हा हिशेब आवर्जून सांगतो. वर्गणी जमते आणि त्याच वर्षी खर्च होते. दुसऱ्या वर्षी पुन्हा पावती पुस्तक घेऊन दारोदार जावे लागते. आपल्या पूर्वसूरींना मुद्दल राखण्याची शिस्त होती. ती आपल्याला शिकता येईल काय, याचा सभासदांनी विचार करावा.

याच उषवदाताने सोपाऱ्यासह अनेक गावी निवारे बांधले आणि नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली. त्या नद्यांच्या यादीत 'दाहनुका' हे नाव आहे. तीच डहाणूची नदी.

सोपारा : जिल्ह्याचे दुसरे नेत्र

कल्याणचा विचार सोपाऱ्याशिवाय पुरा होत नाही. नालासोपाऱ्याजवळचे हे प्राचीन शूर्पारक. बुद्धांचा शिष्य पूर्ण येथील व्यापारी होता, अशी बौद्ध परंपरा आहे. 'महावंसा'नुसार सिंहलद्वीपाला जाणाऱ्या विजयाचे जहाज आधी येथे लागले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र संबोधीला जाऊन धम्मयात्रा सुरू केल्या. म्हणजे बुद्धगयेच्या यात्रेचा आदर्श सांगणारा लेख आपल्याच किनाऱ्यावर उभा होता!

१८८२ सालीच भगवानलालांनी 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा टेकाडवजा स्तूप उकरला. त्यात दगडी पेटी आणि तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक मिळाले. आतल्या सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे समजले जाणारे मातीचे तुकडे होते. सोबत ब्राँझच्या आठ मूर्ती होत्या. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे सुपूर्द झाले.

उतरती कळा आणि पुढचा काळ

बौद्ध धम्म या भागात केव्हा मावळला? पुष्कळांना वाटते, सातवाहनांबरोबरच. तसे नाही. नवव्या शतकात शिलाहार राजांच्या काळीही कान्हेरीला दाने मिळत होती. गौड म्हणजे बंगाल प्रांतातून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने १०० द्रम्मांची अक्षयनीवी दिल्याचा लेख तेथे आहे. शिलाहारांच्या काळी ठाणे म्हणजे श्रीस्थानक भरभराटीला आले. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, त्यांच्याच काळातले.

पुढची हकीगत थोडक्यात अशी. १६५७ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि येथील खाडीत जहाजबांधणीला चालना दिली. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले, १७३९ साली वसई पडली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. जहाजे मोठी होत गेली, खाडी गाळाने भरत गेली, मुंबई वाढली आणि कल्याण बंदराचे जंक्शन झाले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली उल्हासनगर उभे राहिले.

जिल्ह्याच्या सीमाही बदलल्या. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा झाला. कान्हेरी आज त्या जिल्ह्यात मोडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि सोपारा तिकडे गेला. ठाणे जिल्ह्यात आता ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड व शहापूर असे ७ तालुके आहेत. सरकारी रेषा बदलतात. इतिहासाची वाट मात्र सोपारा-कल्याण-नाणेघाट-जुन्नर अशी एकच आहे.

समारोप

कान्हेरीहून परतल्यावर त्याच मुलांना घेऊन आम्ही एका रविवारी कल्याणला गेलो. दुर्गाडीवर चढलो, खाडी पाहिली. मुलांनी विचारले, "अंबालिका विहार कुठे आहे?" आम्ही गप्प राहिलो. दाखवायला एक दगडही नव्हता. ज्या शहराने लेण्याद्रीला चैत्य दिला, कान्हेरीला पाणी आणि वाट दिली, त्या शहराच्या स्वतःच्या विहाराची खूण आज तेथील रस्त्यावर दिसत नाही. वस्तीवर वस्ती चढली, जुने वाडे पडले, त्यांच्या जागी मजल्यावर मजले उठले. पाया खोदताना काय निघाले आणि कोणत्या डंपरमधून गेले, याची नोंद कोणी ठेवली?

म्हणून आमची विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे. घर, विहीर वा रस्ता खोदताना जुनी मोठी वीट, कोरीव दगड, नाणे, खापर दिसले, तर ते धुऊन-घासून देव्हाऱ्यात ठेवू नका आणि भंगारातही देऊ नका. जागा, तारीख लिहा, छायाचित्र घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. दरवर्षी निदान एकाने ब्राह्मी लिपी शिकावी. मुळाक्षरे थोडीच आहेत, दोन महिन्यांच्या सुट्टीत येतात. मग लेख वाचायला दुसऱ्या कोणाची गरज राहणार नाही.

उल्हास नदी आजही वाहते. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ तिच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, तेव्हा ती सर्वांना आठवली. एरवी तिच्यात मैला आणि रसायने सोडताना ती कोणाला आठवत नाही. ज्या नदीने आपल्याला इतिहास दिला, तिच्याशी आपले वर्तन कसे आहे, हाही इतिहासाच्याच अभ्यासाचा भाग आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. समुद्रापासून दूर असूनही कल्याण बंदर का झाले? दोन कारणे द्या.
२. ५००० रुपयांची अक्षयनीवी उषवदाताच्या दोन्ही दरांनी ठेवल्यास वर्षाला किती व्याज मिळेल? प्रत्येक दराचा हिशेब मांडा.
३. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना त्यांचे मूळ गाव, नदी आणि धंदा विचारून दहा ओळी लिहा. स्वामिदत्त आणि नंद यांच्या लेखांत याहून अधिक काही नव्हते, तरी ते दोन हजार वर्षे टिकले.